आडवं पडायची सोय

मोसंबीची पिशवी माझ्या कुशीशी ठेवली गेली आणि कपाळावर कोणाचा तरी खरबरीत हात आला, तेव्हाच मी उठून सांगायला पाहिजे होतं की पेशंट मी नाही. पेशंट आत न्हाणीत हातपाय धुते आहे, मी तिची मोठी जाऊ, तिचं करायला आलेली. एवढंच सांगायचं होतं आणि ते ओठांशी आलंही होतं. पण तो हात कपाळावरून गालावर उतरला, हनुवटीखाली थांबला, आणि ज्या म्हातारीचा तो हात होता ती म्हणाली, "किती सुकून गेली वं माय." मग माझ्याच्यानं बोलवेना. मला कोणी असं काही म्हटल्याला इतकी वर्षं झाली होती की ते माझ्यासाठी नाही हे कळत असूनही मी ते ठेवून घेतलं, जसं गिऱ्हाईक विसरून गेलेलं फुलाफुलांचं कापड आपण थोडी वाट पाहून आपल्याच कपाटात ठेवतो.

चूक त्यांची नव्हती. वणीच्या कॉलनीतलं हे क्वार्टर माझ्या दिराचं, प्रफुल्लचं. तो खाणीत पंप ऑपरेटर. त्याच्या बायकोचं, दीपमालाचं, गर्भाशय नागपूरला काढलं आणि ती घरी येऊन आठवडा होत आला. दुपारी उन्हामुळं माझ्या दुकानात कोणी फिरकत नाही, तेव्हा मी हुक-काजाचे ब्लाउज पिशवीत घालून इकडे येते. तिला जेवू घालते, ती झोपली की हुक लावत बसते. आज तिचे केस धुऊन दिले. स्टुलावर बसवून, पोटावर पाणी येऊ न देता, डोकं मागं झुकवून. त्यात माझी साडी भिजली. "ताई, माझा गाऊन घाल ना," ती म्हणाली. कॉफी रंगाचा, समोरून बटणांचा गाऊन, ऑपरेशनसाठी म्हणून मीच शिवलेला. साडी गॅलरीत वाळत टाकली, गाऊन घातला, तिच्या पलंगावर धुतलेली पांढरी चादर घातली, आणि चादरीचा कोपरा खोचायला वाकले तर डोळ्यांपुढं काळे ठिपके नाचायला लागले. म्हटलं, क्षणभर टेकू. टेकले ते आडवी झाले. कूलरचं वारं सरळ तोंडावर येत होतं. दार उघडंच होतं. आता पेशंटच्या गाऊनमध्ये, पेशंटच्या पलंगावर, भरदुपारी एक बाई डोळे मिटून पडलेली दिसली तर माणसं दुसरं काय समजतील?

"उठू नका भाभी, पडून राहा," दुसरी म्हणाली, ती तरणी होती. "मी जमनी, पूनमसिंगची घरवाली. ह्यायची अन् प्रफुल्लभाऊची शिफ्ट एकच आहे ना. हे आमची याडी." याडी म्हणजे आई, सासूलाही ती तेच म्हणत होती. म्हातारीच्या हातावर गोंदण होतं, बांगड्या कोपरापर्यंत. तांड्यावरून एसटीनं, एवढ्या उन्हात, कधी न पाहिलेल्या बाईला भेटायला आलेल्या. मी "हं" म्हटलं. ते काही खोटं बोलणं नव्हतं.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जायची रीत आहे, पण ती रीत आडव्या माणसासाठी आहे. उभा माणूस आजारी नसतो. बसलेलासुद्धा नसतो. पलंग लागतो, उशाशी तिपाई लागते, तिच्यावर गोळ्यांची पाकिटं आणि तांब्या लागतो, मग लोकांना कळतं की हळू आवाजात बोलायचं आहे. दीपमालाकडे आठवडाभर माणसांची रीघ होती. बिस्किटांचे पुडे फ्रिजवर मावेनात. शहाळी न्हाणीच्या दाराशी. जो येतो तो तिच्या पायाशी बसून विचारतो, टाके दुखतात का, झोप येते का, आणि ती उशीला टेकून, मान जराशी कलती करून, सगळ्यांना सांगते. ती मान कलती करण्याची कला तिला कुठून आली, मला कळत नाही. मला दोन वर्षांमागं तो सांधे धरणारा ताप आला होता, बोटांत कात्री धरवत नव्हती, तेव्हाही बायका आल्या होत्या की. दुकानाचं शटर अर्धं खाली पाहून वाकून आत आल्या. एक म्हणाली, "काहून वं उर्वशीबाई, तब्येत ठीक नाही का?" मी म्हटलं, हो, ताप आहे. तर ती म्हणाली, "मंग माझा ब्लाउज उद्या देशीन का?" मी दिला. बाही जरा चुकली होती, तिनं ते बोलूनही दाखवलं.

उर्वशी हे माझं नाव. बापानं हौसेनं ठेवलं. शिलाई मशीनवर वाकून वाकून पाठीला पोक आल्यावर ते नाव पाटीवरच बरं दिसतं: उर्वशी लेडीज टेलर, खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. ट्रक जातात, धूळ येते. पांढरं अस्तर सकाळी कापावं तर संध्याकाळपर्यंत राखेच्या रंगाचं. दीपमाला म्हणते, खाणीत फार धूळ, यांची छाती खराब होईन. होईल, खरं आहे. पण प्रफुल्लच्या छातीचा फोटो काढायला माणसं ठेवली आहेत. ठरल्या वर्षांनी बोलावतात, फुंकर मारायला लावतात, रक्त घेतात. त्याची शुगर अशीच सापडली. त्याला तर काही दुखतही नव्हतं. त्याला न विचारता त्याच्या शरीराची खबर कोणीतरी ठेवतं. आणि माझे हे, बळीराम, प्रफुल्लचे सख्खे थोरले भाऊ, बाजाराच्या मागं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे त्यांचं, ते पाणी पिऊन पिऊन पुन्हा पाणी मागतात आणि म्हणतात, उन्हाळा आहे. दोघं एका आईचं दूध प्यालेले. शेजारी उभे केले तर लोक विचारतात, हे काका का तुमचे? प्रफुल्ल हसतो. ह्यांनाही हसावं लागतं. मी हसत नाही, पण माझ्याकडे कोण पाहतं?

ती नोकरी घरात आली कशी, तेही सांगते. आमचं शेत खाणीत गेलं, त्याच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी. एकच. कागद आले तेव्हा माझी सासू, इंदूबाई, अंगणात बसून निवडत होती, तुरीची डाळ होती मला वाटतं, आणि सूप न थांबवता तिनं निकाल दिला. "थोरल्याच्या हातात हुनर आहे. थोरलीबी शिवते. धाकट्याच्या हाताले काहीच येत नाही. नोकरी त्याले." कोणी वाद घातला नाही, कारण ते न्यायाचंच होतं. मला उलट अभिमान वाटला. थोरलीबी शिवते. त्या वेळी हे दोन शब्द मला दागिन्यासारखे वाटले होते. आता कधी कधी मशीनवर बसून मनात येतं की मला तेव्हा शिवता येत नसतं, ह्यांना तारेची गुंडाळी करता येत नसती, आम्ही दोघं साफ निकामी असतो, तर आज ह्या पलंगावर खरोखर मी असते. ज्याच्या हातात काही होतं त्याच्या हातात काही आलं नाही. सासू अजून आहे, ह्याच कॉलनीत राहते, दुपारी समोरच्या बाईकडे टीव्ही पाहायला जाते. तिचे गुडघेसुद्धा कंपनीच्या दवाखान्यात दाखवतात. आमच्याकडे ती दोन दिवस राहते आणि म्हणते, "तुमच्याकडे मन लागते, पण संडास उकिडवा आहे."

"काही खाते का नाही?" म्हातारी विचारत होती. तिनं आता माझा हात स्वतःच्या हातात घेतला होता आणि नखं पाहत होती. मला वाटलं, ती बोटांवरची सुईची भोकं पाहते आहे. "खाते जी," मी म्हटलं. आवाज माझा मलाच नवा वाटला. बारीक, लाडिक. दीपमालासारखा. मान कलती झाली होती का माझी? झाली असणार.

दीपमाला न्हाणीत अजून पाणी ओतत होती. मला वाटलं, अजून थोडा वेळ ओतू दे.

कारण तिला नुसता आराम मिळाला असता तर मी एवढी जळले नसते. कोणाला पगारी रजा मिळते, कोणाला भरपगारी बाळंतपण मिळतं. जग आहे, चालायचंच. पण तिला जो आजार झाला तो माझा होता. माझाच, मोजमाप तेच. मागच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ती दुकानात आली, स्टुलावर बसली आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, "ताई, माझं लय अंगावरून जाते गं. गाठीच्या गाठी. तुझं होते का असं?" माझं त्याच्या आधीपासून होत होतं. मी त्याच घडीला घडी घातलेल्या काळ्या कापडावर बसलेली होते. शिंपिणीला चिंध्यांची ददात नाही. अस्तराचे तुकडे, फडक्यांच्या घड्या, सगळं त्यातच खपत होतं. गिऱ्हाईक आलं तर मी लगेच उठत नाही, आधी म्हणते, कापड दाखवा, रंग सांगा, तोवर मागं हात लावून पाहते आणि मग माप घ्यायला उठते. पण तिनं विचारलं तेव्हा मी काय म्हटलं? "या वयात सगळ्यांचंच होते. आपल्या आयांनी काय दवाखाने केले?" असं म्हणून मी तिच्या बाहीला टाचणी लावली. का म्हटलं असं? दुखणं तिच्यापुढं उघडं करणं म्हणजे तिच्याकडून काहीतरी घेणं होतं, आणि तिच्याकडून मी काही घेत नाही. शिलाईसुद्धा नाही.

ती घरी गेली आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या दवाखान्यात जाऊन तेच सांगितलं जे मला सांगितलं होतं. तिथल्या बाईनं तिला आपल्या आया काय करायच्या ते ऐकवलं नाही. सोनोग्राफी, रक्ताची बाटली, पुन्हा सोनोग्राफी, मग नागपूर. प्रत्येक वेळी ती मला फोन करून सांगायची, आणि मी एका कानाशी फोन धरून शिवत राहायचे, आणि ती जे जे सांगायची ते ते माझ्या अंगात असायचं. जिना चढताना धाप. आहे. कंबरेत ओढ. आहे. उठताना अंधारी. आहे. जणू माझंच कापड कोणी माझ्या कपाटातून उचलून नेलं, चांगल्या शिंप्याकडे टाकलं, इस्त्री करून अंगावर घालून मला दाखवायला आली, कसं दिसतं गं ताई? छान दिसतं. छानच दिसत होती ती. गालांवर रंग आला आहे तिच्या. माझा आजार तिनं नेला आणि बरा करून आणला, आणि माझ्याकडे तो तसाच्या तसा उरला आहे. त्याला नाव नाही. ज्या आजाराला नाव नाही त्याला कोण भेटायला येणार?

मी का गेले नाही, असं कोणी विचारेल. दवाखाना नाही असं थोडंच आहे. यवतमाळला एवढा मोठा सरकारी आहे. प्रश्न दवाखान्याचा नाहीच, दिवसांचा आहे. पहाटेची एसटी, रांग, उद्या या, रिपोर्ट परवा. परवापर्यंत इकडे लग्नं थांबतात का? नवरीचा ब्लाउज म्हणजे काय असतं ते नवरीच्या आईला विचारावं. एकदा शटर खाली दिसलं की बाई रस्ता ओलांडून बबलू टेलरकडे जाते. एकदा तिकडे माप दिलं की ती परत येत नाही. बाईचं माप हे सोयरिकीसारखं आहे, तुटलं की तुटलं. म्हणून हंगाम सरला की जाऊ. हा सरला की तुळशीच्या लग्नानंतरचा येतो. मधे शाळेचे गणवेश. प्रफुल्ल म्हणतो, वहिनी, तुम्ही आपल्या मर्जीच्या मालक, आम्ही हुकमाचे ताबेदार. त्याची दीपमाला मागच्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नात मिरवत होती आणि तो शेजारी उभा राहून कोणाला तरी सांगत होता, "सिक टाकली, आठ दिवस." भलाचंगा, हातात जिलेबीची प्लेट. आजारी नसताना आजारी पडायची सोय! आणि मी, मालकीण.

दोन-तीन आठवड्यांमागं दुकानात कॉलेजची एक पोरगी आली होती. हातात मोबाइल, गळ्यात ओळखपत्र, ऊन लागून लाल झालेली. धंदा करणारे आणि पगारी यांच्या तब्येतीचा काही अभ्यास करत होत्या म्हणे त्या. मी तिला पाणी दिलं. गोड पोरगी होती. तिनं विचारलं, "काकू, मागच्या वर्षभरात आजारपणामुळं किती दिवस काम बंद ठेवावं लागलं?" मी म्हटलं, एकही नाही. "दवाखान्यात भरती?" नाही. "डॉक्टरांनी सांगितलेला काही आजार?" डॉक्टरांनी मला काही सांगायला मी त्यांच्यापुढं गेले पाहिजे ना. म्हटलं, नाही. तिनं खुशीत बोट टेकवलं आणि म्हणाली, "वा काकू, एकदम फिट." तिच्यासमोर मी बसले होते आणि खालचं काळं कापड ओलं होत होतं. मग ती पुढं कॉलनीतही गेली असेल, दीपमालालाही भेटली असेल, आणि तिच्या मोबाइलमध्ये दीपमाला आजारी आणि मी धडधाकट, असं कायमचं लिहिलं गेलं असेल. त्या पोरीचं खोटं नव्हतं, माझंही नव्हतं. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी चहा गाळताना मला त्याचं हसू आलं, आणि हसता हसता मी खडू खाल्ला.

खडू खाते मी. कापडावर खुणा करायचा, चपटा, पांढरा. आधी नुसता वास आवडायचा, पहिल्या सरीला मातीला येतो तसा, मग जिभेला लावायला लागले, आता कुरतडते. गिऱ्हाइकासमोर नाही.

"तोंडाले पांढरं काय आहे वं तुह्या?" म्हातारी एकदम म्हणाली. मी ओठ चाटले. तिनं अंगठ्यानं माझ्या ओठाच्या कोपऱ्यावरचं पुसलं, अंगठा उजेडात धरून पाहिला, आणि मग न विचारता त्याच अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली. "जमनी, पाह्य. माती खाते हे. रक्ताचा थेंब नाही अंगात. एवढं मोठं ऑपरेशन केलं अन् हिले रक्त नाही दिलं का कोणी?"

"दिलं असंन ना याडी. मोठा दवाखाना होता."

"मंग कुठी गेलं?"

त्याच वेळी न्हाणीचं दार उघडलं आणि दीपमाला बाहेर आली. भिंतीला हात लावत, केसांना टॉवेल गुंडाळून, गुलाबी. साबणाचा वास तिच्या आधी खोलीत आला. तिनं पलंगाकडे पाहिलं, दोघींकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "ताई?" ती म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही. चादर घालत होती, जरा टेकली," मी म्हटलं आणि उठले.

जमनीनं आधी तोंडावर हात ठेवला आणि मग हसायला लागली. "अगं बाई. आम्ही ह्यायलेच पेशंट समजलो. केव्हाच्या ह्यायचीच सेवा करून राह्यलो." दीपमालाही हसली, पोट धरून, कारण हसलं की टाके ओढतात. "हसवू नका गं मले." मीही हसले. हसण्यावारी गेलं सगळं, आणि जायलाच पाहिजे होतं. दीपमाला पलंगावर, मी निजले होते तिथेच, येऊन बसली. जमनीनं मोसंबीची पिशवी माझ्या जागेवरून उचलून तिच्या मांडीवर दिली. दीपमालानं त्या एकेक करून तिपाईवरच्या ताटात काढल्या. मी मोजल्या नाहीत, पण पाहत होते. मला मोसंबी आवडतसुद्धा नाही.

म्हातारी तेवढी हसली नाही. तिचं नाव मोतीबाई, ते मला सुनेनं दीपमालाशी ओळख करून देताना कळलं. ती पलंगाऐवजी माझ्याकडे पाहत होती. "मंग हिले काय झालं?" तिनं विचारलं.

"मले काय होते जी, ऊन लागलं," मी म्हटलं. "चाय ठेवते." आणि स्वयंपाकघरात गेले. मांजर कोनाड्यातून उतरून जातं तशी. ओट्याला धरून उभी राहिले. पातेल्यात पाणी घेतलं, साखर टाकली, बाहेर दीपमालाचा आवाज सुरू झाला होता, टाके, झोप, नागपूर, सगळं क्रमानं. कूलरचं वारं इथवर येत नव्हतं. गॅलरीतली माझी साडी वाळून गेली असेल, घालावी आणि निघावं. पिशवीत नवरीकडचा हिरवा ब्लाउज पडला होता, त्याचे हुक राहिले होते. हेच माझं, हे हुक. ते बाकीचं दहा मिनिटांचं चुकून आलेलं होतं, परत गेलं.

"अयो," बाहेर जमनी म्हणाली. "भाभी, हलू नका. तुमच्या मागं चादरीले रक्त आहे."

मी ओट्याशीच थांबले. आधी मलाही कळलं नाही. मग मांड्यांशी गाऊनचा ओला जडपणा जाणवला, कॉफी रंगावर काही दिसत नाही, आणि कळलं.

दाराच्या चौकटीतून दिसत होतं. दीपमाला अर्धी वळून चादरीकडे पाहत होती. धुतलेल्या पांढऱ्या चादरीवर हाताच्या पंजाएवढा डाग. तिचे गुलाबी गाल माझ्या डोळ्यांदेखत उतरले. तिनं एक हात पोटावर दाबला. "मले काही कळलंच नाही," ती म्हणाली. "दुखलंबी नाही. टाके सुटले का?" ती ते जमनीला नाही, म्हातारीलाही नाही, कोणालाच विचारत नव्हती. "आडव्या व्हा तुम्ही," जमनी म्हणाली, "कुठी आहे फोन? भाऊले सांगा, गाडी बोलवा कंपनीची." फोन सापडला. जमनीनं तो तिच्या हातात दिला. दीपमालानं नंबर लावला, बाहेर मोठ्यानं रिंग ऐकू येत होती.

आणि मी पाहत उभी होते. तिची भीती बघून मला वाईट वाटलं पाहिजे होतं. वाटलंही, पण नंतर. आधी जे वाटलं ते असं की हेही आता तिचं होणार. गाडी येणार. दोन माणसं स्ट्रेचर आणणार. माझं रक्त तिच्या नावानं दवाखान्यात जाणार, तिथे सगळे धावणार, आणि तिच्या अंगात काहीच सापडणार नाही. तरी तिला चार दिवस ठेवून घेणार आणि पुन्हा माणसांची रीघ लागणार. आणि मी ही चादर धुणार. थंड पाण्यात, मीठ टाकून. डाग काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही. वर्षभर मी हेच करत आले, एक डाग कुठं मागं राहू दिला नाही. असं असतं का कुठं? आजार नेला, नेला. आता रक्तसुद्धा?

"हॅलो," पलीकडून प्रफुल्ल म्हणाला, मागं पंपांचा घरघराट होता.

"थांब," मी म्हटलं. चहाची सांडशी माझ्या हातातच होती. "त्याले काही सांगू नको. ते माझं आहे."

मी ते ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मला ओळखीचा होता. दुकानात दोन बायका एकाच तुकड्यावर हात ठेवतात तेव्हा एक असं म्हणते.

दीपमाला माझ्याकडे पाहत राहिली. पाहता पाहता तिची नजर खाली माझ्या पायांपर्यंत गेली आणि वर आली. प्रफुल्ल फोनमध्ये हॅलो हॅलो करत होता. "कधीपासून?" तिनं विचारलं.

"तुझ्या आधीपासून."

हे मी सांगायला नको होतं. पण दिवाळीपासून तेवढं एक सांगायचं राहून गेलं होतं.

तिचं तोंड वाकडं झालं. "मी विचारलं होतं तुले. स्टुलावर बसून विचारलं होतं. तूच म्हणली ना का सगळ्यांचंच होते?"

"म्हणली."

"काहून पण?"

"मागून भांडा," मोतीबाई म्हणाली. तिनं उठून माझ्या हातातली सांडशी काढून घेतली, सुनेच्या हाती दिली, "चाय पाह्य," आणि माझ्या दंडाला धरून मला पलंगाशी आणलं. "आधी आडवी हो."

"दुसरी चादर—" मी म्हटलं.

"हेच राहू दे. खराब झालीच आहे," असं म्हणून दीपमाला सरकली. भिंतीकडच्या अंगाला सरकून तिनं जागा केली, आणि मी त्या डागावर, माझ्याच, टेकले. ती फोनवर बोलायला लागली. गाडी नको म्हणाली. "भासऱ्यायले सांगा, तुमच्या मोठ्या भाऊले, उद्या सकाळी ताईले यवतमाळले मोठ्या दवाखान्यात न्यायचं आहे. हो, ताईले. दुकान बंद राहीन. राहू द्या बंद. नाही हो, मले काही नाही झालं, मी बरी आहे." मी बरी आहे, हे तिनं किती सहज म्हटलं. मला पुन्हा जरासं काहीतरी चावलं.

"हिरव्या ब्लाउजचे हुक राहिले," मी छताकडे पाहून म्हटलं. "परवाचं लग्न आहे."

"मी लावते," दीपमाला म्हणाली. तिनं पिशवी ओढली, उशीला टेकून बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली. तिला सुई धरता येत नाही, कधी आली नाही. हुक वाकडे बसणार, मला उसवून पुन्हा लावावे लागणार. आत जमनी चहा ओतत होती. कूलरचं वारं पुन्हा माझ्या तोंडावर यायला लागलं.

मोतीबाईनं ताटातली एक मोसंबी उचलली, पदरावर पुसली आणि माझ्या हातात दिली. मोठी होती. ताटात उरलेल्या सगळ्यांपेक्षा मोठी. मी मान कलती करून पाहून घेतलं.